कॅपिटल डीची ओळ

गुरुजी आमच्या ऑफिसात आले तेव्हा मला तिथं नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत माझ्या इंग्रजीला कोणी हात लावलेला नव्हता.

ऑफिस चिकलठाणा एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली पुठ्ठ्याची खोकी बनवणारा कारखाना, त्यामुळे जिन्यात कायम खळीचा वास. वर आम्ही वीस-बावीस जण. पंप, मीटर, स्कूटरचे डिस्प्ले असल्या वस्तूंत ज्या छोट्या चिप बसवतात, त्यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना लागणारी सॉफ्टवेअरची हत्यारं आम्ही बनवायचो. प्रोग्रॅमर लिहितो ते माणसाला वाचता येतं, चिपला नाही. मध्ये एक भाषांतर होतं आणि त्यातून जी फाइल निघते तिला ऑब्जेक्ट फाइल म्हणतात. ती सरळ उघडली तर नुसता कचरा दिसतो. आमचं एक टूल ती फाइल उलगडून दाखवायचं: आत कुठली नावं आहेत, कुठला भाग सूचनांचा, कुठला नुसत्या आकड्यांचा, कोणी किती जागा अडवली आहे. हे टूल माउसवर चालत नसे. काळ्या खिडकीत त्याचं नाव टाइप करायचं, पुढं एक आडवी रेघ आणि एक अक्षर. त्या अक्षराला ऑप्शन म्हणायचं. स्मॉल एसचा अर्थ एक, कॅपिटल एसचा दुसरा. असे सत्तरच्या वर ऑप्शन होते, आणि प्रत्येकाचा अर्थ सांगणारं मॅन्युअल माझ्याकडं होतं.

माझी पद्धत ठरलेली. प्रोग्रॅमर एखाद्या ऑप्शनबद्दल मोडकीतोडकी ओळ पाठवायचे, मी ती नीट करायची. क्रियापद पुढं, कर्ता गाळून, एका वाक्यात. मी इंग्रजी वाङ्मयात एम. ए. केलेलं. माझे वडील सरकारी कचेरीत कारकून होते आणि मसुदा लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. लहानपणी मी मावशीला लिहिलेलं पत्रसुद्धा ते लाल पेनानं तपासून मग पाकिटात घालायचे. वाक्य बरोबर असणं हीच आमच्या घरची श्रीमंती. त्यामुळे ऑफिसात मुलं 'मॅडम, जरा ही ईमेल बघून द्या ना' म्हणत यायची तेव्हा मला फार बरं वाटायचं.

आमचे साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, स्वतः प्रोग्रॅमर. एक दिवस त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"लोक फोन करून जे विचारतात ना, ते सगळं मॅन्युअलमध्ये आहे," ते म्हणाले.

"आहेच," मी म्हणाले.

"मग फोन का येतात?"

लोक वाचत नाहीत, असं काहीतरी मी म्हणाले. साहेबांनी मान हलवली आणि सांगितलं, की नवीन आवृत्तीसाठी तुमच्या मदतीला एक माणूस घेतोय. शिक्षक होते. फुलंब्रीच्या बाजूला ज्युनिअर कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे, तुकडी बंद झाली. चिपचं सगळं घरी बसून शिकलेत.

मला वाटलं, एखादा मदतनीस येतोय. मी खुशच झाले होते.

ते आले तेव्हा पन्नाशीचे होते, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी अगदी धारेवर, खिशाला दोन पेनं. रोज फुलंब्रीहून एसटीनं यायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं जुनं मॅन्युअल छापून घेतलं, घरी नेलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी उभे राहिले. पानापानाला कागदाचे चिटोरे लावलेले.

"मॅडम, इंग्रजी लई सुंदर हाय तुमचं," ते म्हणाले.

मी हसले.

"एक इचारू का? हा स्मॉल टी, हा तुम्ही चालवून बघितला होता का?"

"नाही," मी म्हणाले. "मला डेव्हलपर सांगतात ते मी लिहिते."

"बरं. आन हा कॅपिटल आर?"

"सर, मी एकही चालवलेला नाही. ते माझं काम नाही."

"नाय, बरोबर हाय," ते म्हणाले आणि चिटोऱ्यावर काहीतरी लिहून घेतलं. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी दिवसभर तो चिटोरा डोक्यात घेऊन फिरले. काय लिहिलं असेल त्यावर?

त्यांनी कामाची विभागणी मागितली नाही, मीच केली. अर्धे ऑप्शन त्यांनी लिहायचे, अर्धे मी, आणि शेवटी सगळ्यावरून हात माझा फिरणार. त्यांच्या इंग्रजीत चुका असणार हे मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्या चुकांची मी वाट बघत होते.

चुका होत्याच. 'द' कुठं लावायचा, कुठं नाही, याचा त्यांना पत्ता नव्हता. पण त्यांची रीत वेगळी होती. टेबलावर एक दोनशे पानी वही असायची. ते टूल चालवायचे, पडद्यावर काय आलं ते बघायचे आणि आधी वहीत मराठीत लिहायचे, वर्गात सांगावं तसं. एकदा ते पाणी प्यायला गेले असताना मी वही वाचली. स्मॉल टीबद्दल लिहिलं होतं: 'फाइलीतल्या सगळ्या नावांची यादी देतो. नावाच्या आधी एक अक्षर येतं. ते यू असेल तर समजा, हे नाव इथं नुसतं वापरलंय, ते जन्मलंय दुसऱ्या फाइलीत. ती फाइल जोडायची राहिली तर प्रोग्रॅम तयार होणार नाही. बहुतेक लोक हा ऑप्शन याच कारणासाठी चालवतात.'

माझ्या मॅन्युअलमध्ये स्मॉल टीसमोर होतं: चिन्हतक्ता दाखवतो. तेवढंच. व्याकरणात खोट नव्हती. नऊ वर्षं लोक ते वाचत होते, आणि मग फोन करत होते.

मी वही होती तशी ठेवली. त्या क्षणी मला काय वाटलं ते स्वच्छ आठवतं. कौतुक वाटलं नाही. शाळेत शेजारच्या मुलीची उत्तरपत्रिका वर्गात वाचून दाखवायचे तेव्हा व्हायचं तसं झालं. आणि लगेच मनात आलं, पण हे त्यांना इंग्रजीत कुठं जमणार आहे.

जमलं. वाकडंतिकडं का होईना, जमलं. मी 'द' आणि 'अ' लावले की परिच्छेद उभा राहायचा. त्यात माझं काय, तर 'द' आणि 'अ'.

महिन्याभरात सगळं ऑफिस त्यांना गुरुजी म्हणायला लागलं. मी सोडून. मी सर म्हणायचे. प्रोग्रॅमर पोरं पूर्वी माझ्या टेबलाशी यायची, ती त्यांच्याकडं जायला लागली, आणि ईमेल तपासायला नाही तर स्वतःच लिहिलेलं टूल समजून घ्यायला. "गुरुजी, हा ऑप्शन असा का वागतो हो?" गुरुजी म्हणायचे, "तूच लिवला ना बाबा? बस, बघू." आणि दोघं पडद्यात डोकं घालायचे. मी तीन फुटांवर बसलेली. हेडफोन लावायचे, गाणं लावायचे नाही. सगळं ऐकू यायचं.

त्यांच्या शेतात अद्रक व्हायची. हंगामात त्यांनी पिशव्या भरून आणली, प्रत्येकाला एक. माझ्या टेबलावर ठेवताना म्हणाले, "मॅडम, च्यात टाका. वास बघा कसा येतो." मी ती घरी नेली. नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी चहा केला आणि म्हणाला, "कुठून आणलीस? बाजारात अशी मिळत नाही."

"ऑफिसात एकानं दिली."

"तेच गुरुजी का?"

मी त्याला गुरुजींबद्दल किती बोलत होते ते मला तेव्हा कळलं. रोज संध्याकाळी, भाजी निवडताना, कपडे घड्या करताना. आज पोरं अर्धा तास त्यांच्याकडं उभी होती. आज साहेब त्यांच्या टेबलावर टेकून बसले. आज त्यांनी 'इन्फर्मेशन'चं अनेकवचन केलं. नवरा एकदा म्हणाला, "तुला त्यांचा त्रास होतोय की त्यांचं चांगलं चाललंय याचा?" मी कपड्यांचा गठ्ठा उचलून आत गेले.

मग ती मीटिंग झाली. नव्या मॅन्युअलचा कच्चा मसुदा साहेबांनी वाचला होता. सगळ्यांसमोर त्यांनी एक पान उघडलं आणि वाचून दाखवलं. कॅपिटल डीचं पान.

या ऑप्शनबद्दल थोडं सांगायला हवं. स्मॉल डी फाइलमधल्या सूचनांचा भाग घेतो आणि चिप काय काय करणार ते ओळीनं दाखवतो: हे उचल, ते मिळव, तिकडं जा, थांब. कॅपिटल डी तेच करतो, पण सगळ्या भागांना. जिथं सूचना नाहीतच, नुसते आकडे साठवलेले आहेत, तिथंही तो सूचना वाचल्यासारखा वाचतो. गुरुजींनी लिहिलं होतं ते मराठीत असं: 'कॅपिटल डी आकड्यांनाही सूचना समजतो. आकड्यांच्या भागात त्यानं दाखवलेल्या सूचना खऱ्या नसतात, चिप त्या कधीच चालवत नाही. त्यांच्यावर विश्वास ठेवून काही बदलू नका.' आणि खाली चार ओळींचं उदाहरण.

साहेबांनी वाचून झाल्यावर कागद टेबलावर ठेवला. म्हणाले, "मॅन्युअल असं पाहिजे. मीच हे टूल लिहिलं, पण मला असं सांगता आलं नसतं."

कोणीतरी "गुरुजी, पार्टी," म्हणालं. गुरुजी खाली बघत होते, कान लाल झालेले. साहेबांनी माझ्याकडं बघून म्हटलं, "मॅडम, तुम्हीपण छान हात फिरवलाय." ते 'पण' मला आजही ऐकू येतं.

शेवटचा हात फिरवायचं काम पुढच्या आठवड्यात होतं. ऑप्शनचा एक मोठा तक्ता करायचा होता, प्रत्येकासमोर एक वाक्य. ज्याला जास्त लागेल त्याला खाली परिच्छेद. कॅपिटल डीपाशी आले. समोर वाक्य घातलं: सर्व विभागांतील मजकूर सूचनांच्या रूपात दाखवतो. बिनचूक वाक्य. मग खालचा परिच्छेद निवडला, उदाहरणासकट, आणि डिलीट दाबलं.

मी स्वतःला सांगितलं, सूर वेगळा आहे. 'विश्वास ठेवू नका' हे काय मॅन्युअलमध्ये लिहायचं असतं का. ही कारणं मी त्या वेळी खरीच मानली असती तर आज हे लिहायची गरज पडली नसती. मला माहीत होतं की ती ओळ सगळ्या पुस्तकात चांगली आहे. म्हणूनच मी ती काढली.

दोन दिवसांनी गुरुजी आले. हातात नवी प्रत.

"मॅडम, कॅपिटल डीची ओळ गेली का?"

"जागा नव्हती, सर."

"ती लागंल वो," ते म्हणाले.

"तक्त्यात सगळं नाही ना घालता येत."

"बरं," ते म्हणाले आणि गेले.

मॅन्युअल ग्राहकांकडं गेलं. शेवटच्या पानावरच्या पत्त्यात शहराचं सरकारनं बदललेलं नाव घातलं, तेवढ्यावर ऑफिसात थोडी चर्चा झाली आणि विषय संपला. फोन खरंच कमी झाले. साहेब खूश होते. मीही हळूहळू ती ओळ विसरले, म्हणजे विसरल्यासारखी वागायला लागले.

दीड-दोन महिन्यांनी वाळूजच्या एका कारखान्यातून एक इंजिनिअर मुलगी आली. पंपाचे कंट्रोल बोर्ड बनवणारे लोक. सत्ताविशीची असेल, पाठीवर लॅपटॉपची बॅग, डोळ्यांखाली काळं. तिच्याबरोबर तिचे वरिष्ठ नव्हते, ती एकटीच आली होती. नंतर कळलं, तिला एकटीलाच पाठवलं होतं, निस्तर म्हणून.

तिनं सांगितलं ते असं. त्यांचा नवा बोर्ड अधूनमधून बंद पडायचा. कारण सापडेना. तिनं आमचं टूल घेतलं, कॅपिटल डी लावला, सगळी यादी वाचत गेली, आणि एका जागी तिला 'थांब' ही सूचना दिसली. अशा ठिकाणी, जिथं थांबायचं काही कारण नव्हतं. तिला वाटलं, सापडलं. ती जागा म्हणजे मोटारीच्या तापमानाचा तक्ता होता, नुसते आकडे. त्यातला एक आकडा थोडा बदलला की ती सूचना नाहीशी होत होती. तिनं बदलला. बोर्ड चाचणीला लावला. मोटार तापत गेली, बोर्डानं ती वेळेत बंद केलीच नाही, कारण कधी बंद करायची तो आकडाच तिनं बदलला होता. चाचणीच्या टेबलावर मोटार जळाली. धूर झाला, एका कामगाराच्या हाताला चटका बसला. फार नाही, पण बसला.

ती कॅपिटल डी म्हणाली तेव्हाच मला कळलं होतं, पुढं काय येणार.

गुरुजींनी तिच्या लॅपटॉपवर तीच फाइल घेतली. एकदा स्मॉल डी चालवला, एकदा कॅपिटल. "ताई, हे बघा. इथं सूचना नायच. हे आकडे हायेत. टूल त्यास्नी सूचना समजून वाचतंय." दहा मिनिटांत तिला कळलं. तिनं दोन्ही याद्या पुन्हा ताडून बघितल्या. मग म्हणाली, "हे मॅन्युअलमध्ये का नाही? मी ते पान तीन वेळा वाचलं."

खोलीत साहेब, गुरुजी, मी आणि ती. साहेबांनी गुरुजींकडं बघितलं. "गुरुजी, तुम्ही हे लिहिलं होतं. मी वाचलं होतं. मीटिंगमध्ये वाचून दाखवलं होतं."

"व्हय. लिवलं होतं," गुरुजी म्हणाले. "नंतर गेलं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. गरजही नव्हती. शेवटचा हात कोणाचा असतो हे सगळ्यांना ठाऊक.

"जागेचा प्रश्न होता," मी म्हणाले. "तक्त्याच्या पानावर मावत नव्हतं."

साहेबांनी मॅन्युअल उघडलं, ते पान काढलं आणि माझ्यासमोर सरकवलं. तक्ता पानाच्या मध्यावर संपत होता. खाली अर्धं पान कोरं.

त्या मुलीनं ते कोरं अर्धं पान बघितलं, मग मला. तिच्या नजरेत राग नव्हता. तिला बहुधा काही समजलंच नव्हतं, तिच्या लेखी ती एक साधी चूक होती. साहेब तिला म्हणाले, "तुमच्या साहेबांना मी फोन करतो. चूक आमची आहे, तुमची नाही." ती उठून गेली. साहेब माझ्यावर ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "ती ओळ आज परत घाला." आणि केबिनमध्ये गेले.

मी ओळ घातली. उदाहरणासकट. एक 'द' सुद्धा बदलला नाही.

आता खरं सांगायचं तर, इतकं होऊनही माझा मत्सर गेला नाही. लाज आली, भीती वाटली, त्या कामगाराच्या हाताची स्वप्नं पडली. पण या सगळ्याखाली तो होताच. उलट वाढला. कारण आता गुरुजी बरोबरही ठरले होते.

साहेबांनी त्या कारखान्यात जाऊन दिवसभराचं शिकवणं ठरवलं आणि आम्हा दोघांना पाठवलं. गाडीनं. चिकलठाण्याहून वाळूज म्हणजे शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडायचं. क्रांती चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली. तिथं मी म्हणाले, "गुरुजी, ती ओळ मी जागेसाठी काढली नव्हती."

मी त्यांना पहिल्यांदाच गुरुजी म्हणाले होते. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे.

"म्हाईत हाय," ते म्हणाले.

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना. लई आला. त्या दिवशी घरी जाऊन बायकोला म्हणलं, उद्यापास्नं जात नाय. ती म्हणली, बसून काय करताव." ते खिडकीतून बाहेर बघत होते. "चुकीची म्हणून काढली असती तर चाललं असतं मला. तुम्ही म्हणलात जागा नाय. मी पान बघितलं होतं मॅडम. तवाच बघितलं होतं."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"मी नवीन माणूस. तुमचं नऊ वर्षांचं." मग ते म्हणाले, "आन बोललो नाय ही माझीबी चूकच. त्या पोरीचं नुकसान झालं."

मी माफी मागितली. ती मला नीट मागता आली नाही. वाक्य अर्ध्यातच बदललं, दुसरंच काहीतरी बोलले. ते "असू द्या" म्हणाले. त्या असू द्या मध्ये आपुलकी नव्हती, फक्त विषय बंद करायची घाई होती, आणि तेवढंच मला मिळायला हवं होतं.

कारखान्यात ते बोलले आणि मी मागच्या खुर्चीवर बसून बघितलं. तीस माणसं. ते फळ्यावर ऑप्शन लिहायचे आणि विचारायचे, "हा कधी लागंल? सांगा." लोक सांगायचे. चटका बसलेला कामगार चहा घेऊन आला होता, त्याच्या मनगटावर गुलाबी डाग. गुरुजींनी त्याला थांबवून विचारलं, कसा हाय हात. तो म्हणाला, बरा हाय. मी विचारायला हवं होतं. मी त्याच्या ट्रेमधला कप उचलला आणि थँक्यू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत सगळे खाली गेलेले असताना, मी माझ्या कॉम्प्युटरवर ती काळी खिडकी उघडली आणि टूलचं नाव टाइप केलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा. पहिल्याच वेळी स्पेलिंग चुकलं. मग चाललं. पडद्यावरून ओळी धावत गेल्या आणि मला त्यातलं काही कळलं नाही. मी स्मॉल टी चालवला. यादी आली, नावाआधी अक्षरं आली. यू शोधला. सापडला. फार लहान गोष्ट होती, पण मी तिथं बसून तो यू बघत राहिले आणि डबा खायचं राहून गेलं.

त्यानंतर रोज दोन-तीन ऑप्शन. वही मी केली नाही, ते त्यांचं झालं असतं. मी मुद्दाम वेगळं करायचे. गुरुजी एका वेळी एक ऑप्शन, एका फाइलवर, असं शिस्तीत बघायचे. मी दोन एकत्र लावायचे, तीन लावायचे, पाच फाइलींचा गठ्ठा एकदम द्यायचे. यात जिज्ञासा किती आणि त्यांच्या हातून सुटलेलं काहीतरी आपल्याला सापडावं ही इच्छा किती, याचा हिशेब मला लावता येणार नाही. दुसरी जास्त होती असंच वाटतं.

आणि सापडलं. स्मॉल एन म्हणजे यादी पत्त्याच्या क्रमानं लावणं, स्मॉल आर म्हणजे क्रम उलटा करणं. दोन्ही लावून फाइलींचा गठ्ठा दिला तर नावांबरोबर फाइलींची शीर्षकंही उलटी व्हायची, म्हणजे शीर्षक यादीच्या वर न येता खाली यायचं. वाचणाऱ्याला प्रत्येक यादी भलत्याच फाइलीची वाटायची. मी चार वेळा करून बघितलं. मग एका प्रोग्रॅमरला हाक मारली. त्यानं बघितलं, दुसऱ्याला बोलावलं. पाच मिनिटांत माझ्या टेबलाभोवती सहा जण. साहेब बाहेर आले. "किती वर्षं आहे हे?" त्यांनी विचारलं. "पहिल्यापासून," तो पोरगा म्हणाला. साहेब मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "मॅडम, कमाल केलीत."

हा भाग गुरुजींच्या वाटणीतला होता. क्रम लावण्याचं अख्खं प्रकरण त्यांनी लिहिलं होतं.

मी गर्दीतून त्यांच्याकडं बघितलं. ते जागेवरच होते. वही उघडून पानं उलटत होते, जरा जोरात. मग उठून आले, पोरांच्या खांद्यावरून पडद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "हे माझ्याकडून कसं सुटलं." सगळे माझ्याशी बोलत होते. कोणीतरी चहा मागवला. गुरुजी म्हणाले, मला नको, आणि परत जाऊन बसले. पाठ माझ्याकडं. त्यांचे कान लाल झाले होते.

तो रंग मी ओळखला. मी महिनोन्महिने त्यात राहिले होते. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण त्याआधी, चहाच्या पहिल्या घोटाबरोबर, मला जे वाटलं तो आनंद होता. इतका निखळ आनंद मला त्या ऑफिसात कधीच झाला नव्हता. मी तो लपवायचा प्रयत्न केला, जमलं असेल असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा ते आधीच आलेले होते. फुलंब्रीची पहिली एसटी धरली असणार. माझी खुर्ची ओढून त्यांनी त्यांच्या पडद्यासमोर ठेवली होती.

"मॅडम, तुमच्यावानी करून बघितलं," ते म्हणाले. आवाज जरा कोरडाच. "एन आन आर संगं अजून एक लावला. तिथंबी गडबड हाय."

"कुठला लावला?"

"स्मॉल पी. क्रम लावूच नको म्हणतो तो."

मी बसले. मला वाटलं होतं, एन-आरची भानगड ही शेवटची असेल, आता सगळं मलाच सापडलं. क्षणात माझं तोंड उतरलं. त्यांनी ते बघितलं असावं, कारण त्यांचा चेहरा सैल झाला, अगदी थोडा.

"स्मॉल एस लावून बघितला का?" मी विचारलं.

"नाय अजून."

"सरका जरा," मी म्हणाले, आणि कीबोर्ड माझ्याकडं ओढला.